दुसऱ्या रकान्यातलं अक्षर

इंदूर,
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय क्षितिजा,

'प्रिय' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आठ वर्षांनी तुला कागद लिहायला बसलेय आणि अक्षर धड येत नाहीये. बघ ना, ओळी कुठे चालल्यात. आधीच सांगून टाकते, बाबा ठीक आहेत, नाहीतर माझं अक्षर बघून तू पहिलं तेच समजशील. ठीक नाहीये ती मी. शनिवारपासून डोकं ठिकाणावर नाही. फोन करणार होते, तुझा नंबर आता आहे माझ्याकडे, पण फोनवर मी आधी ओरडेन, मग रडेन आणि मग तू ठेवून देशील. कागद निदान बाजूला ठेवून नंतर वाचता येतो. पुढे मी काय काय वेडंवाकडं लिहीन मलाच माहीत नाही, म्हणून मुद्द्याचं पहिल्याच पानावर लिहिते. मला तू परत हवी आहेस.

आता नीट सांगते. मी सायकल शिकले, साठाव्या वर्षी. बाबांनी सांगितलंच असेल म्हणा. त्यांनी तुला काय काय सांगितलंय आणि काय नाही, ह्याचा मी तीन दिवस हिशोबच करतेय आणि तो लागतच नाहीये! बिजली ऑफिसमधून रिटायर झाल्यावर गुडघे धरायला लागले, तर समोरच्या बिल्डिंगमधली मंजिरी म्हणाली, काकूजी, चला आमच्यासोबत. तिचा लेडीज ग्रुप आहे, सकाळी सायकली काढतात. पहिल्या महिन्यात दोनदा पडले, एकदा तर सरळ भाजीच्या ठेल्यात. पण जमलं. आता तीस-चाळीस किलोमीटर मला काहीच वाटत नाही. बाबांना मात्र माझं कौतुक कधी वाटलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते यशवंत सागर तलावावर पक्षी मोजायला जातात, एकटेच. मी दोन-तीनदा म्हटलं, मी पण येते, आता मला येते ना सायकल! तर रस्ता खराब आहे, ट्रक फार असतात, तुला झेपायचं नाही. मला वाटलं, पुरुषांचा अहंकार. बायको बरोबरीनं पॅडल मारायला लागली की यांना पोटात दुखतं. तीन वर्षं मी तेच समजून गप्प बसले.

दिवाळीनंतर बाबा बाथरूममध्ये घसरले आणि डावा घोटा मोडला. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. तेवढ्यात मंजिरीनं दोन दिवसांची टूर काढली. इंदूरहून हातोद, तिथून यशवंत सागरच्या काठाकाठानं, मग गौतमपुऱ्याला मुक्काम, रविवारी परत. आम्ही सहाजणी. माझ्या सायकलला सामानाचं कॅरियर नाही, म्हणून मी म्हटलं तुमची नेते. अगं, काय चेहरा झाला त्यांचा! म्हणाले, तिकडे कशाला जाता, सिरपूरच्या तळ्यावर जा, तिथेही बदकं आहेत. मी म्हटलं, अहो, सिरपूर घरापासून चार किलोमीटरवर, त्याला काय टूर म्हणायचं? मग म्हणाले, सायकलचा ब्रेक नीट नाही. मी ब्रेक ओढून दाखवला. मग पेपर तोंडासमोर धरला त्यांनी. रात्री जेवले पण नाहीत नीट. मला वाटलं, सायकलवर फार जीव आहे, कोणाला हात लावू देत नाहीत.

शनिवारी सहाला निघालो. काय सांगू तुला, थंडी अशी मस्त होती की नाक लाल आणि अंगात गाणं. हातोदला मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्यांची लाइन लागली होती. तिथे पोहे खाल्ले, वर शेव, जीरावन मसाला, आणि मंजिरी नको नको म्हणत असताना मी जलेबी पण. पुढे डांबरी रस्ता सुटला आणि तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, कच्ची वाट लागली. एका बाजूला हिरवे गहू, दुसऱ्या बाजूला पाणी. मी इंदूरमध्ये जन्म काढला, ह्या तलावाचं पाणी इतकी वर्षं प्यायले, आणि तो कधी बघितला नव्हता गं! काठाला बेशरमची झुडपं, त्यांच्यामागे बदकंच बदकं. मंजिरीनं सगळ्यांना उतरवलं. इथून पायी चालायचं, घंटी वाजवायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, असा तिथला नियम. लांब चिखलात सारसांची जोडी उभी होती. माझ्याएवढे उंच असतील. मी तिथे उभी राहून मनात म्हटलं, दिनानाथराव, हे सगळं तुम्ही मला न दाखवता एकट्यानं बघत होतात! खरं सांगते, त्या क्षणी मी फक्त एवढ्यावरच चिडलेली होते.

पाळीवर सुगनबाईची चहाची टपरी आहे, ते तुला मी काय सांगणार. ती बाहेर आली ती माझ्याकडे बघतच नव्हती, सायकलकडे बघत होती. मग म्हणाली, बाबूजी नी आया? म्हणजे नाही आले? मी म्हटलं, पाय मोडला, मी त्यांची घरवाली. तर ती अशी खूश झाली की विचारू नकोस. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ने बिटिया? ने गुड़िया? वे भी नी आई? म्हणजे मुलगी आणि छोटी, त्याही नाही आल्या का. मी म्हटलं, कौन बिटिया? माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही बघ. मला वाटलं, दुसऱ्याच कोणत्या बाबूजींशी गल्लत करतेय. तिला वाटलं मी मस्करी करतेय. ती हसत हसत आत गेली आणि बिस्किटाच्या डब्यातून ते पक्ष्यांचं रजिस्टर घेऊन आली.

क्षितिजा, मी ते उघडलं आणि खाली बसले. खरंच मातीत बसले. पहिल्या रकान्यात बाबांचं अक्षर. दुसऱ्या रकान्यात तुझं. तुझा तो मोडका 'क्ष', ज्याच्यासाठी मी तुला दुसरीत असताना छडी मारली होती! पानामागून पान, महिन्यामागून महिना. सारस दोन, सारस दोन. हळदीकुंकू बदक चौतीस, तुझ्या रकान्यात एक्केचाळीस. सुगनबाईनं समजावलं मला, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचं बघायचं नाही, आणि आकडे जुळले नाहीत तरी दोन्ही तसेच ठेवायचे. मी पानं उलटत मागे गेले. सात वर्षं! सात वर्षं माझा नवरा मला सांगून माझ्याच घरातून निघत होता, मी त्याला डब्यात थालीपीठं बांधून देत होते, आणि ती थालीपीठं तू खात होतीस! मला वाटायचं, ह्या वयात ह्यांना चार कशी लागतात.

आणि मग ह्या वर्षीच्या पानांवर तिसरा रकाना. पट्टी न लावता ओढलेला, वाकडा. त्यात आकडे नाहीत, रंगीत खडूनं काढलेली बदकं. तपकिरी, निळी, एक तर गुलाबी. खाली तुझ्या अक्षरात 'ईशा, वय चार'. मी ते चार-पाचदा वाचलं. सुगनबाई बोलत होती, जमाईजी किती सीधे आहेत, परेश नाव, मोटरसायकलवर घेऊन येतात, गुड़ियाला दूध दिलं की ती आधी कुत्र्याला पाजते. मला नात आहे हे मला चहावाल्या बाईकडून कळलं! मी हसले का रडले ते आठवत नाही. मंजिरी मात्र घाबरली, तिला वाटलं ऊन लागलं. नोव्हेंबरात कुठलं आलंय ऊन? मला इलेक्ट्रॉल पाजलं, टेम्पोत घालून परत पाठवते म्हणाली. मी नाही म्हटलं. घरी गेले असते तर त्या प्लॅस्टरवर मीच काहीतरी घातलं असतं.

म्हणून मी सायकल मारत राहिले. गौतमपुऱ्यापर्यंत किती किलोमीटर, कुठला रस्ता, मला विचारू नकोस. एकदा चेन उतरली, ती मी बसवली, हात काळे झाले, तोच हात तोंडावरून फिरवला. धर्मशाळेत सगळ्याजणी माझ्याकडे बघून हसायला लागल्या आणि मग मंजिरीनं ओला टॉवेल आणून दिला. मी दाल-बाफले खाल्ले आणि लगेच झोपले, विश्वास बसतो? मेल्यासारखी झोपले.

रविवारी दुपारी घरी आले, हेल्मेटसुद्धा काढलं नाही, मोबाइलमधला रजिस्टरचा फोटो बाबांच्या नाकासमोर धरला. म्हटलं, हे काय आहे? त्यांनी चष्मा शोधला, लावला, बघितलं. मला वाटलं होतं सफाई देतील. तर म्हणाले, तू तिचे फोटो काढून टाकले होतेस ना. म्हटलं, मी काढले कारण तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, ह्या घरात तिचं नाव कोणी काढायचं नाही! आठव बरं तू, म्हणजे तू नव्हतीस तेव्हा, तू गेलेली होतीस. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ग्रहमखाच्या संध्याकाळी हॉलमध्ये पाहुणे भरलेले, ग्वाल्हेरची मंडळी, नागपूरची मंडळी, आणि लक्ष्मीकांतमामा तुझ्याबद्दल तोंडाला येईल ते बोलत होता. तेव्हा बाबा ओरडले होते. आपल्या घरात बाबांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी समजले, ही शेवटची आज्ञा. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे तुझे फोटो उतरवले, कपडे ट्रंकेत भरले, की ह्यांना दिसून त्रास नको.

तर बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाले, सरोज, मी ते लक्ष्मीकांतला म्हटलं होतं. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. तुला नव्हतं म्हटलं.

आठ वर्षं गं! ते वाट बघत होते, ही कधीतरी नाव काढेल, मग सांगू. आणि मी वाट बघत होते, हे कधीतरी परवानगी देतील, मग मी शोधीन. गणपतीत महाराष्ट्र मंडळात कोणाची मुलगी माहेरी आलेली दिसली की आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता प्रसाद घेऊन घरी यायचो. एका खोलीत झोपणारी दोन माणसं! तुला ते दर वेळी सांगायचे म्हणे, आईला अजून जड जातंय, थोडं थांब. कोणाला विचारून सांगायचे? मला विचारायला काय त्यांची जीभ झडली होती? आणि माझी? मी तरी कुठे विचारलं? मी आधी खूप ओरडले. शेजारच्यांनी दार वाजवलं, इतकं. मग दोघंही रडलो. पासष्टीला टेकलेला माणूस प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून रडतोय, फार वाईट दिसतं ते.

इथेच सगळं मिटलं असतं, आणि मी हे पत्र न लिहिता सरळ बाबांच्या फोनवरून तुला लावला असता. पण डोळे पुसून बाबा एक वाक्य बोलले. म्हणाले, तुझा राग मला कळतो, सरोज. लग्न नको होतं तर तिनं तुला तरी एका शब्दानं सांगायला हवं होतं, हे मी तिला सात वर्षं ऐकवतोय. ती ऐकून घेते, खाली मान घालून बसते, उत्तर देत नाही.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. रजिस्टर बघून बसला नव्हता इतका धक्का मला ह्याचा बसला. मी चाट पडले. तू सांगितलं नाहीस त्यांना?

त्या सकाळी तू आली होतीस माझ्याकडे. मागच्या खोलीत मी रुखवत मांडत होते, सहा महिने खपून केलेलं. साखरेचं तुळशीवृंदावन माझ्या हातात होतं. बाहेर कासारीण येऊन बसली होती, तुला चुडा भरायचा होता. तू दार लोटलंस आणि म्हणालीस, आई, मला नाही करायचं हे लग्न. यशवर्धन वाईट नाही, पण मला नाही करायचं. माझा श्वास कोंडतोय. तू रडत पण नव्हतीस, इतकी घाबरलेली होतीस. आणि मी काय म्हटलं, ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. मी म्हटलं, आत्ता? पत्रिका गेल्या, मांडव पडला, पाहुणे उतरले, आणि तू आत्ता सांगतेस? तोंड धू आणि बांगड्या भरायला बस. मी वर बघितलं पण नाही, कारण वृंदावनाचा कंगोरा तुटत होता. तू गेलीस, तोंड धुतलंस, मुकाट्यानं हात पुढे केलास, चुडा भरून घेतलास. आणि दुपारी, सगळे जेवून लवंडले होते तेव्हा, हिरव्या चुड्यासकट घरातून निघून गेलीस.

संध्याकाळी सगळ्यांनी मला विचारलं, तुला काहीच बोलली नाही का? मी म्हटलं, एक अक्षर नाही. घाबरले होते मी. आणि मग तेच धरून बसले. बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, बिच्चारी सरोजिनी, पोरीनं केसानं गळा कापला. मी ते सगळं ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं ते. तुझी मामी, शलाकामावशी, ऑफिसातल्या बायका, सगळ्यांना मी तेच सांगितलं, आठ वर्षं सांगितलं, इतकं की शेवटी शेवटी मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. आणि तू तिकडे चिखलात बसून बाबांची बोलणी खात होतीस, माझं नाव न सांगता. का गं? मी काय केलं होतं तुझ्यासाठी, की तू माझी लाज राखलीस?

काल सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. रुखवत, कासारीण, वृंदावन, सगळं. ते कुबड्या घेऊन किचनमध्ये गेले आणि आपला चहा आपण केला, एकच कप. आजही बोलत नाहीयेत. मला त्यांचा राग नाही. लक्ष्मीकांतमामाला पण फोन केला, त्याला म्हटलं, पोरीनं मला सांगितलं होतं, खोटी मी आहे, आणि हे तूच सगळ्यांना सांग, तुझं तोंड चांगलं चालतं. मंडळातल्या बायकांना मी गुरुवारी भजनाला जाईन तेव्हा सांगेन. भीती वाटतेय, पण सांगेन.

आता ज्याच्यासाठी हा सगळा कागद काळा केला, ते लिहिते. माफी मागत नाहीये, ती मागायची तर समोर उभं राहून मागावी. सात डिसेंबरला पहिला रविवार आहे. बाबांचं प्लॅस्टर तोपर्यंत निघत नाही, त्यांच्या जागी मोजायला मी येतेय, सायकलवर. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी रुसणार नाही, मोजून, रजिस्टरमध्ये लिहून परत येईन. पण तू येणार असशील तर त्याआधी मला एक कळव, बाबांच्या फोनवर कळवलंस तरी चालेल. ईशाला तू माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस? आजी दूर राहते असं सांगितलं असशील, तर मी दुरून आल्यासारखी येईन. आजी नाहीच, असं सांगितलं असशील तर तेही बरोबरच आहे, मग मी बाबूजींच्या सायकलवरून आलेली एक आंटी, बस. तिला बदकं दाखवीन आणि जाईन. तू जे सांगितलं असशील, तसंच मी वागेन. आता तुला कोणापुढे खोटं पाडायचं नाहीये मला, तुझ्या पोरीपुढे तर नाहीच नाही.

तुझीच,
आई